न सांगता दिलेली गोळी

माझा धाकटा भाऊ जाफराबादला जळालेल्या मोटारी भरून देतो. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्याच्या दुकानात आणून टाकतात. तो ती उघडतो, काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत पुन्हा भरतो. काम सगळं हाताचं. दोन वेढे कमी पडले किंवा तार कुठं खरवडली गेली, तर मोटार आठवड्यात पुन्हा जळते. भावाचा हात असा होता की जवळचं दुकान सोडून माणसं त्याच्याकडं यायची. आणि चाळिशीच्या आतच तो हात सकाळी चहाचा कप धरेनासा झाला.

तो कधीपासून प्यायला लागला, हे मला नक्की सांगता येत नाही. मी लग्न होऊन जालन्याला आले. तिथंच मस्तगड भागात राहते, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. जाफराबाद एसटीनं दोन तासांवर, पण जाणं सणासुदीपुरतंच. भावजय फोनवर आधी "थोडी घेतात" म्हणायची. पुढं "रोज घेतात" म्हणू लागली. नंतर तिनं तो विषय काढणंच सोडलं. भावानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. देवळात नारळ फोडला होता. एकदा अकरा दिवस खरंच प्याला नाही, पण त्या अकरा दिवसांत त्याला झोप नाही, अन्न नाही, अंगाला नुसता घाम. बाराव्या दिवशी तो पिऊन आला आणि शांत झोपला. त्या दिवशी भावजयीलाही बरं वाटलं होतं. ही गोष्ट तिनं मला फार उशिरा, खूप लाजत सांगितली.

माझ्या ऑफिसातल्या एका बाईंनी गोळीचं सांगितलं. त्यांच्या जावेनं नवऱ्याला दिली होती म्हणे. "चव न्हाई, वास न्हाई. वरणात टाकली की कळत बी न्हाई. पिला की उलटी होते, आन् मंग दारूची किळसच बसते."

मी एका औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मी म्हणाले, भाऊ लांब असतो, डॉक्टरकडं यायला तयार नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि गोळ्या दिल्या. डबीत बारीक अक्षरांचा, घडीवर घडी घातलेला कागद होता. मी इतकी वर्षं पोरांचे प्रवेशअर्ज तपासते, एक शिक्का राहिला तरी अर्ज परत करते. तो कागद मात्र मी उघडला नाही.

भाऊबीजेला जाफराबादला गेले. भाऊ आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून पाटावर बसला होता. सकाळीच थोडी घेतली होती, नाहीतर त्याला बसताच आलं नसतं. मी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली, तर त्याच्या हातानं ताट खडखडलं. तो हसला आणि हात मांडीखाली दाबून बसला. त्याच दुपारी मी आणि भावजयीनं स्वयंपाकघरात लाटण्यानं गोळी चुरली आणि त्याच्या वाटीतल्या वरणात मिसळली. भावजय म्हणाली, "आक्का, काही होणार तर न्हाई ना?" मी म्हणाले, "काय व्हायचंय? औषधच आहे."

डबी मी तिच्याकडंच ठेवून आले, रोज एक द्यायला सांगून. चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. पिऊन आल्यावर त्याचं तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, एकदा उलटी झाली. पण त्याला वाटलं, दारूच खराब आहे. त्यानं दारूचं दुकान बदललं आणि पिणं चालूच ठेवलं.

"मंग दोन दे," मी म्हणाले.

हे शब्द मी ऑफिसात, पंख्याखाली बसून, समोर अर्जांचा गठ्ठा असताना बोलले. ते मी अजून विसरलेले नाही.

रविवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. भावजय सरकारी दवाखान्यातून बोलत होती. भाऊ दुकानातून घरी आला तेव्हा चेहरा, मान, छाती सगळी लालबुंद. श्वास पुरत नव्हता. ओकाऱ्या थांबत नव्हत्या आणि उंबऱ्यातच तो खाली बसला, तो उठलाच नाही. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून नेलं होतं.

"आक्का, डॉक्टर विचारून राह्यले, दारूसोबत दुसरं काही घेतलं का म्हणून. बीपी लई खाली गेलंय म्हणतेत. मी काय सांगू?"

मी गप्प राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. पाच सेकंद असतील. त्या पाच सेकंदांत माझ्या मनात भावाचा जीव आधी यायला पाहिजे होता. पण आधी आलं ते हे, की आता सगळ्यांना कळणार.

"आक्का?"

"खरं सांग," मी म्हणाले. "गोळीचं नाव सांग. दोन दिल्या म्हणून सांग. मी आणल्या म्हणून बी सांग."

तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावून, सोबत माणूस देऊन त्याला जालन्याला पाठवलं. मी दवाखान्याच्या फाटकात उभी होते. स्ट्रेचरवरून त्याला उतरवलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. मला बघून त्याला हायसं वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. आक्का आली, आता काळजी नाही, असं.

दुसऱ्या दिवशी धोका टळला, पण दारू तुटल्यामुळं त्याचं अंग थरथरायला लागलं. म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टर त्याला बघायला आल्या. पन्नाशीच्या, बारीक, हळू बोलणाऱ्या बाई. आधी त्यांनी मला आणि भावजयीला बाहेर बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीतच होते. त्या रागावल्या नाहीत.

"तुमच्यासारख्या बायका माझ्याकडं नेहमी येतात," त्या म्हणाल्या. "काय करावं कळत नाही म्हणून करता, हे मला समजतं. पण ही गोळी माणसाला सांगून, त्याची तपासणी करून, तो हो म्हणाला तरच देतात. गोळीवर दारू पडली तर काय होतं, हे ज्याला माहीत आहे तो सांभाळून राहतो. ज्याला माहीत नाही तो पीत राहतो. मेलेही आहेत असे."

भावजय पदरात तोंड घालून रडायला लागली. मी विचारलं, "त्याला हे सांगायचं का?"

"त्याच्या पोटात काय गेलं, हे त्याला माहीत असायला नको का?"

तिसऱ्या दिवशी भाऊ उशीला टेकून बसला, तेव्हा मी त्याला सांगितलं. भावजय दाराशी उभी होती.

"वरणात?" त्यानं विचारलं.

"हो."

"कवापासून?"

"भाऊबीजेपासून."

मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरबाई संध्याकाळी येऊन म्हणाल्या, सोडायची इच्छा असेल तर औषधं आहेत, आपण मिळून ठरवू. तो म्हणाला, "मला आता कुणाचंच औषध नको." घरी जायची परवानगी मिळाली तसा तो जाफराबादला गेला आणि थोड्याच दिवसांत पुन्हा प्यायला लागला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी समजू शकले असते. पण त्यानं घरचं जेवण सोडलं.

"केळी खाऊन राह्यले," भावजय फोनवर सांगायची. "उकडलेली अंडी आणतेत, सोता सोलून खातेत. शेंगा खातेत. सालीचं असंल तेवढंच. मी त्यांच्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवला, तरी हात लावला न्हाई. पाणी दुकानातलं पितेत. आक्का, मी सोळा वर्षं या माणसाला रांधून घातलं हो."

तीन आठवडे असं चाललं. मग एक दिवस रजा टाकून मी गेले. घरी न जाता सरळ दुकानात गेले. भाऊ जमिनीवर बसून एका मोटारीची जुनी तार ओढून काढत होता. गालफडं बसली होती. मी समोरच्या लाकडी खोक्यावर बसले. काय बोलायचं ते एसटीत दोन तास ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "दोन दे म्हणून मीच सांगितलं. तिची चूक न्हाई त्यात."

तो तार ओढत राहिला.

"तुला काय वाटतं आक्का, मला सोडायची न्हाई? सकाळी उठलो की हात असे." त्यानं हात पुढं धरले. बोटं कापत होती. "घोटभर पोटात गेली की थिर होतेत, मंग तार बराबर बसते. काम करायचं म्हणून पितो, आन् पितो म्हणून काम होत न्हाई. हे मी कुणाला सांगू? घरात सगळे एकच म्हणतेत, सोड. सोडून बघितली ना. अकरा दिवस. जीव जाईल असं झाल्तं."

"तू कधी बोलला न्हाईस."

"तू कधी विचारलं न्हाईस. तू सरळ वरणात टाकली."

मी रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "विचारलं असतं तर घेतली असतीस?"

त्यानं विचार केला. "न्हाई," तो म्हणाला. मग तार खाली ठेवून म्हणाला, "पण विचारायचं होतं."

मी पिशवीतून डझनभर केळी काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक सोललं आणि अर्धं मला दिलं. आम्ही दोघं तिथंच बसून खाल्लं. मी शेवटच्या गाडीच्या आधी निघाले. निघताना त्याला दारू सोड म्हणाले नाही.

पुढं दोन महिने काही घडलं नाही. मग एका सकाळी मी डबा भरत होते, तर दारात भाऊ. हातात कापडी पिशवी. पहिल्या एसटीनं आला होता.

"त्या डॉक्टरीणबाई कोणत्या वारी बसतेत?" त्यानं विचारलं.

का आला, ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढं कधीतरी विचारलं, तर म्हणाला, "मला बी सांगता येत न्हाई. गाडी उभी होती, बसलो."

डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. बोलणं त्याच्याशी. मला फक्त बाजूची खुर्ची. रोज पिणाऱ्यानं दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून आठवडाभर भरती व्हायचं. शांत ठेवणाऱ्या गोळ्या आधी जास्त, मग रोज थोड्या कमी. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. रक्त तपासायचं, लिव्हर किती खराब झालंय ते बघायचं. "ते अकरा दिवस तुम्ही औषधाशिवाय काढलेत," त्या म्हणाल्या, "ते सोपं नव्हतं. तुमच्यात जिद्द कमी आहे म्हणून ते फसलं नाही."

भावानं मान खाली घातली. त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आम्ही तर नाहीच.

तो आठवडा कठीण गेला. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. मला म्हणाला, "आक्का, झाडून घे जल्दी." नर्सनं डॉक्टरांना बोलावलं, औषध वाढवलं, ते उतरलं. चौथ्या दिवसापासून तो झोपू लागला. सहाव्या दिवशी त्यानं कप एका हातानं उचलला. चहा सांडला नाही. त्यानं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

लिव्हरचा रिपोर्ट फार वाईट नव्हता. म्हणून बाईंनी दुसरी गोळी सुरू करायचं ठरवलं. भावानं पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"हिच्यावर पिलो तर मरंन का?"

"नाही. ही ती गोळी नाही. हिनं दारूची ओढ कमी होते, आणि प्यायलात तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. पण ओढ कमी झाली म्हणून बाकीचं आपोआप होत नाही. मित्र तेच असतील, रस्ता तोच असेल. तिथं तुम्हालाच नाही म्हणावं लागेल. आणि दर पंधरा दिवसांनी मला भेटायचं."

"पाकीट माझ्याजवळ राहील," तो म्हणाला.

"तुमच्याजवळच राहायला पाहिजे."

भरतीनंतर पंधरा दिवस तो माझ्याकडं राहिला. पहिल्या दिवशी मी स्वयंपाक करत असताना तो ओट्याशी येऊन उभा राहिला. डाळ धुतल्यापासून फोडणी पडेपर्यंत बघत होता. मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाले, तूच दे फोडणी. त्यानं मोहरी करपवली. चार-पाच दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत तो कोपऱ्यावरच्या दुकानात बसून गप्पा मारून आला, हात धुतले आणि माझ्या नवऱ्याशेजारी पानावर बसला. वाढलं ते जेवला. वरण दुसऱ्यांदा मागितलं. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

भावजयीचं मन वळायला जास्त वेळ लागला. तिला तो घरी येणार याचा आनंद होता, पण भीतीही होती. त्यानं आपणहून सांगितलं, "सकाळी मी तुझ्यासमोर गोळी घेईन. तू द्यायची न्हाई, फक्त बघायचं." रोज चहाच्या आधी तो गोळी घ्यायचा आणि तिला तोंड उघडून दाखवायचा, दवाखान्यातल्या लहान पोरासारखं. पहिल्यांदा ती हसली तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन करून ते सांगितलं.

चौथ्या महिन्यात हसनाबादला भावजयीच्या माहेरी लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला.

"आक्का, काल पिलो."

माझ्या तोंडात बरंच काही आलं होतं. मी विचारलं, "आज गोळी घेतली का?"

"घेतली. कालची बी घेतल्ती." तो थांबला. "दोन पेले पिलो. काहीच वाटलं न्हाई. पाणी पिल्यावानी. सगळे हसून राह्यले आन् मी तिथं बसलो नुसता. मला रडायला आलं. आता काय, सगळं गेलं ना?"

"मला माहीत न्हाई. बाईंना विचारू."

बाई म्हणाल्या, काही गेलं नाही, गोळी थांबवू नका, या गुरुवारी या. गुरुवारी तो आला. त्यांनी त्याला लग्नात कुणाशेजारी बसला होता, जेवला होता का, पहिला पेला कुणी दिला, असं बारकाईनं विचारलं. पुढच्या लग्नाला तो आधी जेवला आणि मुलीला घेऊन लवकर निघाला. त्यानंतर आणखी एकदा घसरला. तेही त्यानंच सांगितलं.

हसनाबादहूनच भावजयीची चुलत भावजय एकदा माझ्याकडं आली होती. तिचा नवरा पितो. तिला कुठून तरी पहिल्या गोळीचं कळलं होतं. "ताई, ती चव नसलेली गोळी मला बी आणून द्या," ती हळूच म्हणाली. भाऊ त्या दिवशी तपासणीला आलेला, आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. आपल्याला काय झालं ते त्यानं सगळं सांगितलं. उंबऱ्यात पडलो ते, केळी खाल्ली ते. बायकोला दोष दिला नाही, मलाही दिला नाही. शेवटी म्हणाला, "वहिनी, त्याला एकदा माझ्याशी बोलू द्या." तो माणूस बोलायला आला, दवाखान्यातही एकदा गेला, पण टिकला नाही. अजून पितो. भाऊ अधूनमधून त्याच्याकडं जाऊन बसतो.

दीड वर्षानं बाई म्हणाल्या, आता गोळी थांबवून बघू. मला वाटलं भाऊ खूश होईल. तो घाबरला.

"राहू द्या ना मॅडम. मला काही तकलीफ न्हाई तिची."

"लागली तर परत सुरू करू. त्यात हरण्यासारखं काही नाही. पण भेटायला येणं सोडायचं नाही."

बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या पायऱ्यांवरच बसला. म्हणाला, थोडं थांब. मी शेजारी बसले. समोरून माणसं जात-येत होती. कुणी हातात रिपोर्ट घेऊन, कुणी डबा घेऊन. तो म्हणाला, उद्या सकाळी चहाच्या आधी काय करू? मी म्हणाले, चहाच घे. तो मोठ्यानं हसला. पण डोळे पुसले त्यानं.

गोळी थांबल्याला आता वर्ष होत आलं. तो पीत नाही. पुढचं मला ठाऊक नाही आणि तोही कधी छातीवर हात मारून बोलत नाही. परवा फोन केला तेव्हा म्हणाला, गहू-हरभऱ्याला पाणी चालू झालंय, मोटारी लई जळून राह्यल्या, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. मी विचारलं, जेवलास का. म्हणाला, तिनं डबा पाठवलाय, ही मोटार झाली की खातो. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

"ठेवतो आक्का," तो म्हणाला, "मोजायचं चाललंय, वेढे चुकतील."